मुलाखतीची तयारी: आपलाच जमाखर्च

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या मेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)

माझ्या तरुण बंधुभगिनींनो, आणि मागच्या बांकांवर येऊन बसलेल्या आईबापांनो,

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचे हे दिवस. अशा दिवसांत व्यासपीठावरून पूर्वजांची आठवण निघते, देवळाच्या पायाचे दगड कोणीं वाहिले हें सांगितलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु तरुण मंडळाच्या चिटणिसांनीं मला दिलेला विषय मागचा नसून पुढचा आहे. बँकेंत किंवा हिशेबतपासणीच्या कचेरींत नोकरीसाठीं मुलाखतीस जावयाचें असेल, तर तयारी कशी करावी, हें मीं सांगावें अशी त्यांची इच्छा. विषय ऐकून प्रथम मी हंसलों. ज्यानें उभ्या आयुष्यांत नोकरीचा एकही अर्ज केला नाहीं, त्यानें मुलाखतीवर व्याख्यान द्यावें, हें जरा विचित्रच नव्हे काय?

मग विचार करतां ध्यानांत आलें कीं, ह्या विषयाशीं माझा संबंध तीन बाजूंनीं आला आहे. सेमिनरींत असतांना वर्षाच्या शेवटीं प्राध्यापकांपुढें एकट्यानें बसून तोंडी परीक्षा द्यावी लागे. तेव्हां तळहातांना सुटलेला घाम मला अजून आठवतो. दुसरें असें कीं, अर्जासोबत जोडावयाचा वर्तणुकीचा दाखला घेण्यासाठीं तुम्ही माझ्याकडे येतां, आणि निकाल लागल्यावर कित्येक जण पुनः येतात. कोणी पेढे घेऊन, कोणी पडलेल्या चेहऱ्यानें. तिसरें म्हणजे, धर्मग्रामाचा हिशेब दरवर्षीं तपासला जातो, आणि तपासनिसासमोर खुर्चीवर बसणारा मनुष्य मी असतों. ह्या तिसऱ्या नात्यानेंच मला सर्वांत अधिक शिकविलें आहे. त्याची हकीकत मी शेवटीं सांगणार आहें.

प्रथम ह्या दोन धंद्यांचें मूळ पाहूं. आम्हां सेमिनरीच्या जुन्या विद्यार्थ्यांना लॅटिनचा थोडा गंध असतो, त्याचा उपयोग येथें करतों. ‘क्रेडिट’ हा शब्द लॅटिनमधील विश्वास ठेवणें ह्या अर्थाच्या धातूपासून निघाला. आपण मिस्सेंत जो विश्वासांगीकार म्हणतों, त्याचा लॅटिनमधील पहिला शब्द ‘क्रेडो’. तो ह्याच धातूचा. ‘ऑडिट’ हा शब्द ‘ऐकणें’ ह्या अर्थाच्या धातूचा. पूर्वीं इंग्लंडांत कारकून हिशेब मोठ्यानें वाचून दाखवीत आणि ऑडिटर तो कान देऊन ऐके. दुहेरी नोंदीची हिशेबपद्धति व्यापारी आधींपासून वापरीत होते; परंतु ती सविस्तर मांडून छापली गेली ती १४९४ सालीं व्हेनिस येथें, आणि तें पुस्तक लिहिणारा लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन संन्यासी होता. तेव्हां झग्यांतील मनुष्यानें हिशेबावर बोलणें अगदींच नवीन नाहीं.

तात्पर्य, एका धंद्याचा पाया विश्वास, दुसऱ्याचा पाया ऐकणें. मुलाखत घेणारीं माणसें तुमच्यांत हेंच दोन गुण शोधीत असतात. ह्या उमेदवाराच्या हातीं परक्याचा पैसा देतां येईल काय? आणि हा दुसऱ्याचें नीट ऐकून, जेवढें विचारलें तेवढेंच खरें सांगतो काय? माझ्या आजच्या सर्व बोलण्याचें सार ह्या दोन प्रश्नांत आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. सरकारी बँकांतील प्रोबेशनरी ऑफिसरांची भरती बहुतांशीं आय.बी.पी.एस. ह्या संस्थेमार्फत होते. स्टेट बँक आपली परीक्षा स्वतंत्र घेते. आधीं पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा, शेवटीं मुलाखत. पूर्वपरीक्षेचे गुण पुढें जाण्यापुरते असतात. अंतिम यादींत ते धरीत नाहींत. आय.बी.पी.एस.च्या पद्धतींत मुख्य परीक्षेस ८० व मुलाखतीस २० असा भार असतो. मुलाखत १०० गुणांची असून तींत खुल्या वर्गाच्या उमेदवारास निदान ४० टक्के व राखीव वर्गांतील उमेदवारास निदान ३५ टक्के मिळवावे लागतात. कोणी म्हणतो, ‘मुलाखत म्हणजे सर्व वशिल्याचा खेळ,’ आणि अभ्यासच सोडतो. त्यानें ते ८० विसरूं नयेत. दुसरा म्हणतो, ‘वीसांत काय आहे?’ आणि मुलाखतीस तसाच उठून जातो. त्यानें ध्यानांत ठेवावें कीं, मुख्य परीक्षेंत खांद्याला खांदा लावून आलेल्या उमेदवारांत ह्या वीसानेंच मागचा पुढें आणि पुढचा मागें होतो.

कारकुनाच्या जागेसाठीं आय.बी.पी.एस. मुलाखत घेत नाहीं. परंतु ज्या राज्यांत जागा असेल त्या राज्याची भाषा यावी लागते. तेव्हां घरांत आपण कादोडी बोलत असूं वा वाडवळी, शाळेंत इंग्रजी शिकलों असूं, तरी शुद्ध मराठी लिहितां-वाचतां येणें ही आपल्या मुलांच्या पदरची शिदोरी आहे. तिला कमी लेखूं नका.

हिशेबतपासणीची वाट निराळी. चार्टर्ड अकाउंटंट होऊं इच्छिणारा विद्यार्थी इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर एखाद्या कचेरींत आर्टिकलशिप करतो. ती पूर्वीं तीन वर्षांची होती. २०२३ सालच्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची झाली. त्याच्या आयुष्यांतील पहिली मुलाखत बहुधा अशा कचेरींतच होते. तेथें मंडळ नाहीं, गुणपत्रक नाहीं. फायलींच्या ढिगामागें बसलेला एक भागीदार दहा मिनिटें बोलतो, आणि तेवढ्यांत ठरवितो कीं, ह्या मुलाला गिऱ्हाइकाच्या दुकानांत एकट्यास पाठवितां येईल कीं नाहीं.

तयारीची पहिली गोष्ट म्हणजे आपला स्वतःचाच अर्ज. तो हातीं घ्या व परक्याचा असल्यासारखा वाचा. त्यांतील प्रत्येक शब्द ही तुम्हीं स्वतः मागितलेली परीक्षा आहे. ‘छंद: वाचन’ असें लिहिलें असेल, तर शेवटचें पुस्तक कोणतें वाचलें, हें विचारलें जाणारच. शिक्षणांत एक वर्ष रिकामें गेलें असेल, तर तेंही विचारतील. वडील आजारी होते, वाडींत काम होतें, किंवा सरळ नापास झालों होतों, जें खरें असेल तें दोन वाक्यांत सांगावें आणि थांबावें. नापास होणें हा डाग नव्हे. तो झांकण्यासाठीं केलेली सारवासारव मात्र डोळ्यांत भरते.

दुसरी गोष्ट, ज्या दारांत जावयाचें त्या घराची माहिती. बँक कोणत्या सालीं निघाली, तिचे अध्यक्ष कोण, गेल्या वर्षाच्या अहवालांत ठेवी किती व कर्जें किती, हें पाहून जावें. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजीं सुरू झाली व १ जानेवारी १९४९ रोजीं सरकारच्या मालकीची झाली. १९ जुलै १९६९ रोजीं १४ बँकांचें व १९८० सालीं आणखी ६ बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें. १ एप्रिल २०२० च्या विलीनीकरणानंतर सरकारी बँका १२ उरल्या. एवढें बँकेच्या प्रत्येक उमेदवाराच्या जिभेवर असावें. आणि आपल्या मुलांनीं एक गोष्ट अभिमानानें ठाऊक करून घ्यावी. आपल्या वसईंत कॅथलिक समाजाची सहकारी बँक उभी राहिली ती १९१८ सालीं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्याही आधीं, आणि तिचें आरंभींचें रूप एका लहानशा पतसंस्थेचें होतें. शेतकऱ्यानें शेतकऱ्यावर ठेवलेला विश्वास किती फळतो, ह्याचें उदाहरण शोधण्यास तुम्हांला दूर जावें लागणार नाहीं.

तिसरी गोष्ट, विषयाचीं मुळें पक्कीं करणें. व्याख्या पाठ करणारे पुष्कळ असतात, ‘असें कां?’ ह्या प्रश्नाला मात्र ते अडखळतात. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकलें, म्हणजे तें कर्ज अनुत्पादक ठरतें, हें सर्वांना येतें. परंतु शेतीच्या कर्जास हाच नियम कां नाहीं? कारण शेतकऱ्याच्या घरीं पैसा महिन्याला येत नाहीं, हंगामाला येतो. म्हणून अल्प मुदतीच्या पिकांस दोन हंगाम व दीर्घ मुदतीच्या पिकांस एक हंगाम, अशी थकबाकीची मर्यादा धरली आहे. भात आणि केळीं ज्यानें पाहिलीं आहेत त्यानें हें उत्तर पुस्तकावांचून द्यावें.

तसेंच, खातेदार वारल्यावर बँक ज्याला पैसे देते तो नॉमिनी त्या पैशांचा मालक होतो काय? होत नाहीं, तो वारसांच्या वतीनें पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. ह्या एका अज्ञानापायीं भावाभावांत उभे राहिलेले वाद मीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. सप्टेंबर २०१९ मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हां खातेदारांस आरंभीं केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती; मुंबईच्या परिसरांतील पुष्कळ कुटुंबें हवालदिल झालीं. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्यें ठेवींवरील विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर नेण्यांत आली. असा प्रश्न आला असतां केवळ आंकडे सांगून थांबूं नका. त्या रांगेंत उभ्या असलेल्या विधवेला बँकेच्या खिडकीमागून तुम्ही काय सांगितलें असतें, ह्याचाही विचार करून जा.

हिशेबतपासणीच्या मुलाखतींतील एक प्रश्न मला आमच्या तपासनिसांनीं सांगितला. गोदामांत भाताचीं पांचशें पोतीं आहेत असें वहींत लिहिलें आहे. तुम्ही काय कराल? बहुतेक मुलें म्हणतात, ‘पोतीं मोजूं.’ उत्तर चूक नाहीं, पण अर्धें आहे. वहींतील नोंद घेऊन पोत्यापर्यंत जावें, म्हणजे लिहिलेलें खरोखर आहे कीं नाहीं तें कळतें. आणि गोदामांतील कोणतेंही एक पोतें धरून वहीपर्यंत यावें, म्हणजे जें आहे तें सर्व लिहिलें आहे कीं नाहीं तें कळतें. एका वाटेनें खोटी भर सांपडते, दुसऱ्या वाटेनें लपविलेलें सांपडतें. हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनीं ७ जानेवारी २००९ रोजीं पत्र लिहून स्वतःच कबूल केलें कीं, ताळेबंदांत दाखविलेली हजारों कोटींची शिल्लक अस्तित्वांतच नव्हती. म्हणून बँकेंतील शिलकेचा दाखला कंपनीच्या हातून न घेतां, तपासनिसानें तो थेट बँकेकडून मागवावयाचा असतो. हा ‘कां’ ज्याला सांगतां आला, त्याला कलमांचे क्रमांक थोडे चुकले तरी क्षमा होते.

हें सर्व शिकण्यास मोठी शिकवणी लागतेच असें नाहीं. आपल्या प्रत्येक घरीं पतपेढीचा वार्षिक अहवाल येतो. आपण त्याचें काय करतों? बहुधा सुके बोंबील बांधून ठेवतों. ह्या वर्षीं तो बाजूस ठेवा. त्यांतील ताळेबंद उघडा, ठेवी कोणत्या बाजूस आहेत व कर्जें कोणत्या, आणि ठेव ही पतपेढीची देणगी नसून देणें कां आहे, हें आपल्या आईला मराठींत समजावून सांगा. आईला समजलें, म्हणजे तुम्हांला समजलें.

चौथी गोष्ट, मोठ्यानें बोलण्याचा सराव. मनांत दिलेलें उत्तर नेहमीं सुंदर असतें. तोंडांतून निघालें म्हणजे त्याचीं हाडें दिसूं लागतात. तिघां मित्रांस समोर बसवा व स्वतःविषयीं दोन मिनिटें बोला. मधेंच त्यांनीं अडवावें, तुमचें मत खोडावें. तुम्ही रागावतां कीं हट्टास पेटतां, तें तेथेंच कळूं द्या. प्रश्न पुरा होण्यापूर्वीं उत्तर सुरू करण्याची खोड असेल, तर ती ह्याच सरावांत मोडा.

पांचवी गोष्ट, किरकोळ वाटणाऱ्या बाबी. मूळ प्रमाणपत्रें व त्यांच्या प्रती आदल्या रात्रीं क्रमानें लावून ठेवाव्या. कपडे स्वच्छ व साधे असावे; उसना कोट घालून अंग चोरीत बसण्यापेक्षां आपला धुतलेला सदरा बरा. विरारहून येणाऱ्या गाड्यांचा भरंवसा किती, हें तुम्हांला मीं सांगावयास नको. ज्या गाडीनें वेळेवर पोहोंचाल असें वाटतें, तिच्या दोन गाड्या आधींच निघा.

सहावी आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे ‘मला ठाऊक नाहीं’ हें म्हणण्याची तयारी. जो कारकून ठाऊक नसतांना ठाऊक असल्याचें दाखवितो, तो उद्यां गिऱ्हाइकाचा पैसा बुडवील, हें मंडळावरील माणसांना अनुभवानें कळलेलें असतें. अंदाजानें ठोकून दिलेलें उत्तर पुढच्या तीन प्रश्नांना जन्म देतें. ‘ठाऊक नाहीं, पाहून घेईन’ हें उत्तर तो विषय तेथेंच संपवितें. मात्र सगळ्याच प्रश्नांना हेंच उत्तर देण्याची पाळी येणार असेल, तर दोष नम्रतेचा नाहीं, अभ्यासाचा आहे!

ह्याच संदर्भांत मला एक दुखरी आठवण सांगितली पाहिजे. एक तरुण माझ्याकडे दाखल्यासाठीं आला. ‘ह्यानें दोन वर्षें धर्मग्रामाचे हिशेब लिहिले’ असें मीं लिहून द्यावें, अशी त्याची विनंती. वास्तविक तो जत्रेच्या वेळीं तीन संध्याकाळ तिकिटांच्या खिडकीवर बसला होता. मीं म्हटलें, ‘बाबा, मी तीन संध्याकाळच लिहीन. पण हेंही लिहीन कीं, तिन्ही रात्रीं तुझा गल्ला रुपयाला रुपया जुळला.’ तो म्हणाला, ‘फादर, तीन संध्याकाळला कोण विचारतो? बाकीचीं मुलें काय काय लिहितात, तुम्हांला ठाऊक नाहीं.’ तो दाखला न घेतांच गेला. त्या दिवसापासून मिस्सा सुटल्यावर तो माझ्याकडे पाहत नाहीं. माझ्या बोलण्याची रीत चुकली असेल. घरची अडचण मोठी होती, तिची मीं आधीं विचारपूस करावयास हवी होती. परंतु मजकूर मीं आजही तोच लिहिला असता. कारण ‘वर्षअखेरीस न वटलेले चेक तूं कसे दाखवीत होतास?’ ह्या एका प्रश्नापुढें खोटीं दोन वर्षें टिकलीं नसतीं. खऱ्या तीन संध्याकाळींना दहा प्रश्न विचारले असते, तरी त्या पुरून उरल्या असत्या.

आतां ती शेवटची हकीकत. कांहीं वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. हिशेब तपासण्यास तपासनिसांच्या कचेरींतून एक आर्टिकलची मुलगी आली, वय वीस-एकवीस. सणाच्या खर्चांत मंडपवाल्यास दिलेल्या ४,२०० रुपयांपुढें पावती नव्हती, माझ्या हातची एक चिठी होती. तिनें विचारलें, ‘फादर, ह्याची पावती?’ मीं म्हटलें, ‘मीं दिले आहेत. मी सांगतों तें पुरे नाहीं काय?’ ती हळूच म्हणाली, ‘फादर, तुम्हीं दिले हें मी खरें मानतें. पण मला कागदावर पावती दाखवावी लागते.’ मी रागावलों. कारकुनादेखत म्हणालों, ‘तुझ्या वयाच्या मुलीनें धर्मगुरूला हें विचारावें?’ तिच्या डोळ्यांत पाणी आलें. परंतु तिनें ‘पावती नाहीं’ ही ओळ लिहिली आणि पुढचें पान उलटलें.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मंडपवाल्याकडे गेलों. त्याच्या वहींत ३,७०० रुपये जमा होते! पुष्कळ आठवल्यावर उलगडा झाला. त्याच संध्याकाळीं एका आजाऱ्यास इस्पितळांत नेण्यासाठीं मीं गाडीभाड्याचे ५०० रुपये दिले होते, आणि दोन्ही रकमा एकाच चिठींत लिहिल्या होत्या. पैसा कोणीं खाल्ला नव्हता. परंतु ज्या शब्दासाठीं मी त्या मुलीवर ओरडलों, तो माझा शब्द खरा नव्हता. मीं नोंद दुरुस्त केली, तिच्या कचेरीस पत्र लिहिलें, आणि तिची क्षमा मागितली.

दीड वर्षानें ती मला भेटावयास आली. एका बँकेच्या तपासणी खात्यासाठीं तिची मुलाखत झाली होती. तींत विचारलें होतें, ‘मोठ्या माणसाला अप्रिय प्रश्न विचारण्याची पाळी तुझ्यावर कधीं आली काय?’ तिनें नांवगांव न सांगतां ही हकीकत सांगितली. एका सभासदानें विचारलें, ‘त्यांनीं क्षमा मागितली नसती तर?’ ती म्हणाली, ‘तरी ती ओळ तशीच राहिली असती.’ त्या जागेवर तिची निवड झाली नाहीं. चार महिन्यांनीं दुसरीकडे पुनः तसाच प्रश्न आला, तिनें पुनः तेंच उत्तर दिलें, आणि तेथें ती निवडली गेली. मला विशेष वाटलें तें हें कीं, एकदां अपयश आलें म्हणून तिनें उत्तर बदललें नव्हतें.

आईबापांनो, तुम्हांलाही एक विनंती. मुलगा मुलाखतीहून घरीं आला, म्हणजे दारांतच ‘काय झालें?’ म्हणून विचारूं नका; आधीं जेवूं घाला. शेजारच्या मुलाचा पगार त्याच्या ताटांत वाढूं नका. नोकरी न मिळणें हा घराण्याचा अपमान नाहीं. कित्येकांना ती तिसऱ्या-चौथ्या खेपेस मिळते.

आपले हिशेबनीस व बँकेचे लोक ज्याला आपला आश्रयदाता मानतात, तो संत मत्तय स्वतः जकातीच्या नाक्यावर बसणारा होता, आणि त्याच्या धंद्याची अब्रू त्या काळीं फारशी चांगली नव्हती. त्याचा सण २१ सप्टेंबरला येतो. त्या दिवशीं परीक्षेस व मुलाखतीस बसणाऱ्या सर्वांसाठीं आपण ह्या देवळांत मिस्सा अर्पण करूं. तोंवर प्रत्येकानें एक वही घ्यावी. डाव्या पानावर आपल्याला काय येतें तें लिहावें, उजव्या पानावर काय येत नाहीं तें, आणि दररोज उजवीकडची एक ओळ डावीकडे न्यावी. दाखला हवा असेल, तर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर माझ्याकडे या. जें खरें असेल तें मी आनंदानें लिहून देईन, आणि जें लिहीन त्याच्या पाठीशीं उभा राहीन.

देव तुमचें कल्याण करो.